बचनाग नावाचा घोळ : कळलावीचा कंद खाल्लेल्या एका रुग्णाचं प्रकरण

हे प्रकरण सिंधुदुर्गातल्या एका ग्रामीण रुग्णालयातलं आहे. तिथे मी वैद्यकीय अधिकारी होतो. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून गाव, नातेवाईक आणि काही बारीकसारीक तपशील बदलले आहेत. वैद्यकीय भाग मात्र घडला तसाच मांडतो आहे, माझ्या चुकीसकट.

आषाढ संपत आला होता. आठवडाभर सूर्य दिसला नव्हता आणि वॉर्डात गॅस्ट्रोचे सात-आठ रुग्ण होते. पावसाळ्यात विहिरींना गढूळ पाणी आलं की हे दरवर्षीचंच. अशा दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास ५४ वर्षांचा एक शेतकरी रिक्षातून आला. अकरा वाजल्यापासून उलट्या, दुपारपासून पाण्यासारखे जुलाब, पोटात मुरडा. गावातल्या डॉक्टरांनी दुपारी उलटीचं इंजेक्शन दिलं होतं, त्याचा काही उपयोग झाला नव्हता. नाडी १२४, रक्तदाब ९०/६०, जीभ कोरडी, डोळे खोल गेलेले. ताप नव्हता. मी गॅस्ट्रो लिहिलं, दोन्ही हातांना सलाईन लावली आणि पुढच्या रुग्णाकडे वळलो.

आठ वाजता रक्ताचे रिपोर्ट आले. पांढऱ्या पेशी १९,२००, हिमोग्लोबिन १५.८, क्रिएटिनिन १.९. पाणी कमी झालं की रक्त दाट होतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो, म्हणून मला त्यात वावगं वाटलं नाही. पण तीन लिटर सलाईन जाऊनही नाडी खाली येत नव्हती, आणि घरातल्या बाकी कुणालाही जुलाब नव्हते. सगळे एकाच विहिरीचं पाणी पितात, एकाच पातेल्यातलं जेवतात, मग हा एकटाच का? हा प्रश्न मी पाच वाजताच विचारायला हवा होता. तो माझ्या तोंडून रात्री दहाला निघाला.

रुग्णाची बायको खाटेच्या कडेला पदर तोंडावर धरून बसली होती. मी तिला बाहेर व्हरांड्यात नेलं आणि सकाळपासून काय काय खाल्लं ते एकेक विचारत गेलो. चहा, भाकरी, पेज. मग ती थांबली आणि म्हणाली, "डॉक्टरानू, ह्येंनी सकाळी बचनागाची मुळी खाल्ल्यानी."

मघाशी का नाही सांगितलं, असं विचारल्यावर उत्तर आलं, "पोलीस येतले म्हणून गप रवलंय."

विषबाधेची नोंद पोलिसांकडे करावीच लागते, आणि गावात त्याचा अर्थ एकच लावला जातो : नवऱ्याने जीव द्यायचा प्रयत्न केला. त्या भीतीपोटी आमचे पाच तास गेले. त्या बाईला दोष देववत नाही. तेव्हापासून मी पावसाळ्यात जुलाबाच्या प्रत्येक रुग्णाला "काही मुळी, पाला, काढा घेतला का?" हे पहिल्याच दमात विचारतो, आणि विचारताना सांगतो की औषध म्हणून घेतलं असेल तर तसंच लिहीन.

कुठला बचनाग?

बचनाग म्हटल्यावर मी आधी ईसीजी काढला. वैद्यकीच्या पुस्तकात बचनाग किंवा वचनाग म्हणजे वत्सनाभ, हिमालयाच्या उंचीवर वाढणारी वनस्पती. तिचं मूळ वाळवून काष्ठौषधींच्या दुकानात विकतात. त्यातलं ॲकोनिटीन हृदयाचे ठोके बिघडवून माणूस मारतं. पण कोकणात कुंपणावर चढणाऱ्या एका वेलालाही बचनागच म्हणतात. त्याच वेलाला कुठे खड्यानाग, कुठे इंदई, कुठे वाघनखी, आणि बहुतेक सगळीकडे कळलावी. संस्कृतात लांगली, कलिकारी, अग्निशिखा. ही दोन झाडं एकमेकांच्या जवळपासचीही नाहीत. एकाचं विष हृदयावर जातं, दुसऱ्याचं सगळ्या पेशींवर. नाव मात्र एक.

ईसीजीत ठोके जलद होते पण नियमित. मी रुग्णाला विचारलं, ओठाला, जिभेला मुंग्या आल्या होत्या का, बधिरपणा वाटला का? त्याने मानेनेच नाही म्हटलं. वत्सनाभ असता तर मुळी खाल्ल्यावर काही मिनिटांपासून फार तर एक-दोन तासांत तोंड बधिर झालं असतं आणि ठोक्यांचा गोंधळ उडाला असता. इथे साडेसातला मुळी खाल्ली आणि पहिली उलटी अकराला झाली. हा मधला साडेतीन तासांचा शांत काळ दुसऱ्याच विषाकडे बोट दाखवत होता. तरीही अंदाजावर चालायचं नव्हतं. मी मुलाला मोटरसायकलवर घरी पाठवलं आणि ज्या वेलाची मुळी खणली तो वेल पानाफुलांसकट आणायला सांगितलं.

साडेअकराला तो भिजत परत आला. वर्तमानपत्रात गुंडाळलेला वेल टेबलावर सोडला आणि शंका उरली नाही. प्रत्येक पानाचं टोक पुढे निमुळतं होत जाऊन तारेसारखं वळलेलं, त्या टोकाने वेल कुंपणाला धरून चढतो. एक फूल अर्धवट उमललेलं : पाकळ्यांच्या कडा नागमोडी, मुळाशी पिवळ्या, टोकाशी शेंदरी, ज्वाळा वर जाव्यात तशा मागे वळलेल्या. आणि कंद. बाहेरून तपकिरी, आतून पांढराशुभ्र, कोनात वाकलेला, नांगराच्या आकाराचा. लांगल म्हणजे नांगर, लांगली हे नाव त्यावरूनच आलं. त्या नांगराची एक बाजू विळीने सरळ कापलेली होती आणि कापलेल्या जागी माती चिकटली होती. उरलेली बाजू आम्ही प्रयोगशाळेतल्या काट्यावर तोलली, ३८ ग्रॅम भरली. कापलेली बाजू थोडी जाड होती, असं मुलगा म्हणाला.

म्हणजे सुमारे ४० ग्रॅम ओला कंद. त्यात तीन चतुर्थांश पाणी धरलं तर सुका भाग १० ग्रॅम. कळलावीचं विष म्हणजे कोल्चिसिन, सुक्या कंदात ते साधारण ०.३ टक्के असतं, झाड, जागा आणि ऋतूनुसार कमीजास्त. हिशेब ३० मिलिग्रॅमवर येत होता. गाऊटसाठी, म्हणजे युरिक ॲसिड वाढून सांधा सुजतो त्या आजारासाठी, मिळणारी कोल्चिसिनची गोळी अर्ध्या मिलिग्रॅमची असते. रुग्णाने एका बैठकीत साठ गोळ्यांइतकं विष घेतलं होतं. त्याचं वजन ६२ किलो, म्हणजे किलोमागे अर्धा मिलिग्रॅम. किलोमागे ०.८ मिलिग्रॅमच्या वर गेलं की वाचणं फार अवघड असं जुन्या रुग्णमालिकांवरून मानतात, आणि त्याहून कितीतरी कमी मात्रेतही माणसं गेली आहेत. सुरुवातीच्या उलट्यांत काही भाग बाहेर पडला असेल, एवढीच आशा होती.

का खाल्लं

दोन वर्षांपासून उजव्या पायाचा अंगठा मधूनमधून सुजायचा. लाल, गरम, चादरीचा स्पर्शही सहन होऊ नये असा. युरिक ॲसिड वाढलेलं आहे हे एकदा तपासणीत कळलं होतं. गोळ्या दुखेपर्यंत घ्यायच्या, थांबलं की बंद, असं चाललेलं. चार दिवस आधी अंगठा पुन्हा सुजला. लावणी अर्धी राहिलेली, चिखलात पाय ठेवता येईना. त्याच वेळी फोनवर कुणीतरी पाठवलेला व्हिडिओ आला : गाऊटवरची महागडी गोळी ज्या वनस्पतीपासून बनते ती तुमच्या कुंपणावर फुकट उगवते. फुलाचा फोटो होता. रुग्णाने फूल ओळखलं, मुळी खणली, विळीवर कापली, किसणीवर किसली, कडू लागते म्हणून गुळाबरोबर खाल्ली.

व्हिडिओतली ती गोष्ट खोटी नव्हती, म्हणूनच ती घातक ठरली. कोल्चिसिन १८२० साली पेलतिए आणि कावेंतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी वेगळं केलं, ते युरोपातल्या कोल्चिकम या झाडातून. कळलावी त्याच कुळातली, आणि आज कोल्चिसिनसाठी तिची लागवड होते. तमिळनाडूत दिंडिगल, करूर, तिरुप्पूर या भागांत शेतकरी तारेच्या मांडवावर हा वेल चढवतात, फुलाफुलाला हाताने परागीभवन करतात आणि बी काढून निर्यातीसाठी विकतात. बियांत कोल्चिसिन कंदापेक्षा जास्त असतं. त्याच राज्याचं ते राज्यफूलही आहे. पण बी आणि गोळी यांच्या मध्ये अख्खा कारखाना असतो. तिथे कोल्चिसिन वेगळं होतं, शुद्ध होतं, मिलिग्रॅमच्या भागांत मोजलं जातं. किसणीला असा काटा नसतो.

गाऊटमध्ये हे औषध काम का करतं आणि जास्त झालं तर का मारतं, याचं उत्तर एकच आहे. पेशीच्या आत ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाचे बारीक दोर असतात. पांढऱ्या पेशी त्या दोरांच्या आधारे हलतात, सांध्यात साचलेल्या युरेटच्या खड्यांवर धावून जातात आणि सूज आणतात. कोल्चिसिन त्या प्रथिनाला चिकटून दोर बनू देत नाही, पेशींची धाव थांबते आणि सूज उतरते. पण पेशी दुभंगताना गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढून नेणारे दोरही तेच. मात्रा वाढली की पेशींचं विभाजनच अर्ध्यावर अडकतं. ज्या पेशी सर्वांत वेगाने विभागतात त्या आधी मरतात : आतड्याचं अस्तर, हाडातला मगज, केसांची मुळं. रुग्णाचे पुढचे दोन आठवडे अगदी याच क्रमाने गेले.

म्हातारीने सांगितलेला नियम

मध्यरात्री मी कागदपत्रं तयार करत होतो तेव्हा रुग्णाची आई बाकावर बसून होती. ऐंशीच्या आसपासची. तिची आई गावची वैजीण होती, शेकड्यांनी बाळंतपणं केलेली. मी वेल दाखवून विचारलं, आजी, हे तुम्ही कशाला वापरायचात? तिने वेलाला हात लावला नाही. म्हणाली, "लावची भायरसून. पोटात नाय. आणि बाळ इला काय पयली धुवन काढूची."

कळलावी या नावातच तो वापर आहे : कळा लावणारी. बाई अडली की कंद उगाळून लेप बेंबीवर, ओटीपोटावर किंवा तळहात-तळपायांना लावायचे. आयुर्वेदातही तिला गर्भनुत्, म्हणजे गर्भ बाहेर ढकलणारी, म्हटलं आहे, आणि कंदाच्या लेपाचा हा वापर तिथेही सांगितलेला आहे. गंडमाळेवर, सुजेवर लेप, उवांसाठी पाल्याचा रस, हे सगळे वापरही बाहेरूनचेच. सर्पदंशावर मुळी देण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. तिच्यात वेळ घालवून माणसं मरतात, म्हणून ती टाळावी एवढं सांगण्यापुरताच तिचा उल्लेख करतो. आयुर्वेदात कळलावी उपविषांत मोजली आहे. पोटात द्यायची झाली तर आधी कंदाचे तुकडे गोमूत्रात भिजवून शोधन, म्हणजे विषाची तीव्रता कमी करणं, आणि मग अत्यल्प मात्रा. औषध नियमांच्या ई(१) अनुसूचीतही लांगलीचं नाव आहे, म्हणजे पोटात घ्यायच्या अशा आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी लागते.

म्हातारीच्या तीन वाक्यांत मात्रेपेक्षा मोठी शिस्त होती : कुठून द्यायचं, कुठून नाही, आणि कधी काढून टाकायचं. अडलेल्या बाईला हा लेप आज लावावा असं मी मुळीच म्हणत नाही. कंदाचा रस त्वचा भाजतो, आणि कळा वाढवायला दवाखान्यात मोजून देता येणारं ऑक्सिटोसिन आहे. पण जुन्या वापराबरोबर जुना नियम चालत यायचा. या घरात वापर विस्मरणात गेला, नियम एका म्हातारीपाशी उरला, आणि फोनवरून झाडाचा गुण तेवढा आला. मुळी किसली तेव्हा म्हातारी गोठ्यात होती. तिला कुणी विचारलंच नाही.

पुढचे दिवस

कोल्चिसिनवर बाजारात मिळणारा उतारा नाही. त्याला बांधणारी प्रतिपिंडं फ्रान्समध्ये एका रुग्णात वापरल्याचं १९९५ साली प्रसिद्ध झालं, पण ती आजही दुकानात मिळत नाहीत. डायलिसिसने ते निघत नाही, कारण ते रक्तात थांबत नाही, ऊतींत शिरतं. पित्तावाटे आतड्यात येऊन पुन्हा शोषलं जातं, म्हणून चौदा तास उलटून गेले असूनही आम्ही नाकातल्या नळीतून सक्रिय कोळसा दिला आणि पुढेही दर चार तासांनी द्यायला लिहिलं. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा त्या जातीचं अँटिबायोटिक देऊ नये, असं मोठ्या अक्षरात लिहिलं. ते औषध शरीरातून कोल्चिसिन बाहेर टाकण्याचा मार्ग अडवतं, आणि गॅस्ट्रो समजून कुणी ते सुरू करू शकतं. रात्री दीड वाजता १०८ने रुग्ण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात गेला. वेलही त्याच्याबरोबर गेला, पिशवीत.

तिथल्या निवासी डॉक्टरांशी मी रोज बोलत होतो. दुसऱ्या दिवशी जुलाब ओसरले आणि नातेवाईकांना वाटलं, वाचला. ही विषबाधा फसवते ती इथेच. पोटाचा त्रास कमी होतो तेव्हा आत मगज बंद पडत असतो. चौथ्या दिवशी पांढऱ्या पेशी १९,२०० वरून १,३०० वर आल्या, प्लेटलेट ४१,००० वर. हिरड्यांतून रक्त, १०२ ताप, यकृताचे आकडे वाढलेले, मांड्यांत इतकी कमजोरी की उठून बसता येईना. त्याला वेगळ्या खोलीत ठेवलं, अँटिबायोटिक सुरू केलं, पांढऱ्या पेशी वाढवणारं फिल्ग्रॅस्टिम दिलं. सहाव्या दिवशी लघवी कमी झाली तेव्हा मी घरच्यांना तयारी ठेवायला सांगितलं. आठव्या दिवशी पेशी चढायला लागल्या आणि दहाव्या दिवशी २२,००० वर गेल्या. मगज सुटला की त्या अशाच उसळतात.

अकराव्या दिवशी सकाळी उशीवर केसांचा पुंजका निघाला. तीन दिवसांत डोक्यावर एकही केस राहिला नाही, भुवयाही विरळ झाल्या. बायको घाबरून फोनवर रडत होती. मी तिला सांगितलं की केस जाणं म्हणजे तो विषाच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत पोचला, आणि तिथवर पोचणारे बहुतेक वाचतात. केस परत येतील. तेराव्या दिवशी त्याला घरी सोडलं.

आठवड्याने तो माझ्याकडे तपासणीला आला. टोपी काढून ठेवली, काठी भिंतीला लावली. पाय अजून थरथरत होते, तळव्यांना मुंग्या होत्या. सगळं सांगून झाल्यावर थोडा घुटमळला आणि म्हणाला, "पण डॉक्टरानू, अंगठो मात्र दुखाचो थांबलो."

थांबला होता खरा. अंगठ्यावर सूज नव्हती, लाली नव्हती. त्या मुळीने गाऊटचं काम केलं होतं आणि त्याच कामात माणूस जवळजवळ संपवला होता. मी कागद घेऊन त्याला दाखवलं. झटका आल्यावर पहिल्या दिवशी डॉक्टर देतात त्या गोळ्या, दीड-दोन मिलिग्रॅमच्या आतल्या, म्हणून तीन ठिपके. त्याने खाल्लं त्याचे साठ ठिपके. तो ठिपके मोजत बसला. मुलगा म्हणाला, व्हिडिओत हे कुठेच नव्हतं.

दोन महिन्यांनी, भातकापणी चालू असताना, डोक्यावर बोटभर मऊ केस आले होते. क्रिएटिनिन १.१ झालं होतं, युरिक ॲसिड ८.४ होतं. गाऊटवरचा खरा उपाय आता सुरू करायचा होता : युरिक ॲसिड उतरवणारं ॲलोप्युरिनॉल, रोज, दुखत नसतानाही. ते सुरू करताना पहिले काही महिने झटका येऊ नये म्हणून एरवी कमी मात्रेत कोल्चिसिन देतात. त्याला ते द्यायचं माझ्या मनात आलं नाही, आणि त्याने घेतलंही नसतं. थोडे दिवस कमी मात्रेत प्रेडनिसोलोन दिलं.

मी त्याच्या घरी गेलो होतो तेव्हा वेल सुकून गेला होता, कंद मात्र जमिनीत होते. मुलगा सगळं खणून टाकायला निघालेला. म्हातारीने खणू दिलं नाही, कारण गौरीला त्या फुलांशिवाय तिचं चालत नाही. तिने त्या जागेभोवती चार चिरे मांडले आहेत आणि नातवंडांना सांगून ठेवलं आहे : फूल तोडा, मुळीला हात नाही, आणि फूल तोडलेला हात धुतल्याशिवाय तोंडात नाही.

रुग्ण दर महिन्याला गोळ्या न्यायला येतो. पाकीट हातात घेतो, उलटंसुलटं करून बघतो आणि विचारतो, "ही त्या मुळीची नाय मां?" मी त्याच्यासमोर नाव वाचतो, मग तो पाकीट खिशात घालतो.